फाल्गुनातलं भिगवण

भिगवणला कधी जावं, असं पुण्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं : डिसेंबर-जानेवारी. थंडी असते, हुरड्याचे दिवस असतात आणि परतताना मच्छीचं ताट असतं, तेव्हा उत्तर चुकीचं नाही. मला मात्र होळीच्या आगेमागचे पंधरा दिवस जास्त आवडतात. तेव्हा उन्हाचा चटका बसायला लागलेला असतो आणि सहलीच्या गाड्या कमी झालेल्या असतात. पाहुणे पक्षी निघायच्या घाईत असतात, घरचे पक्षी संसाराला लागलेले असतात.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हे गाव शंभरेक किलोमीटरवर. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा, म्हणजे यशवंतसागर, इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांच्या शिवारांत शिरला. गावं उठली, नदीकाठची काळी जमीन गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळही बुडालं. दुष्काळी उन्हाळ्यात ते पाण्याबाहेर येतं आणि बघायला गर्दी लोटते. पक्ष्यांना भिंतीजवळच्या खोल पाण्याचं काही अप्रूप नाही. त्यांना हवा असतो उथळ काठ, आणि तो कुंभारगाव, डिकसळ या बाजूला आहे. तिथली जमीन सपाट, त्यामुळे पाणी वीतभर उतरलं तरी काठ लांबवर मागे सरकतो.

म्हणून इथला पक्ष्यांचा हंगाम धरणाच्या पाणीवाटपावर चालतो. उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उन्हाळी आवर्तन सुरू होतं, कालव्यातून उसाला आणि नदीतून सोलापूरला प्यायला पाणी सुटतं. पाणी मृतसाठ्यात उतरलं की उजनी उणे पातळीत गेल्याची बातमी छापून येते आणि सोलापूरकरांना घोर लागतो. इकडे उघड्या पडलेल्या गाळावर पाणटिवळे, शेकाटे, तुतवार यांची पंगत बसलेली असते. शेतकरी मोटारी, पाइप, केबल उचलून पाण्यामागे धावतो, मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर करतो. एकाच चिखलावर दोघांचं पोट.

रोहित ऊर्फ फ्लेमिंगोंचं तर सगळंच पाण्याच्या खोलीवर. धरण काठोकाठ भरलं की ते उशिरा येतात, कारण पाय टेकतील असं पाणीच नसतं. नावेतून पाहा. मान सरळ खाली, डोकं उलटं, वरची चोच तळाकडे. जीभ होळीच्या पिचकारीच्या दट्ट्यासारखी मागेपुढे चालते. पाणी आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शेवाळाचे कण, किडे अडकून राहतात. मधूनच एखादा जागच्या जागी पाय नाचवत गोल फिरतो आणि तळ ढवळून काढतो. पाणी ओसरल्यावर त्या जागी चिखलात गोल कडी दिसतात, मधोमध उंचवटा असलेली.

नाव चालवणारे बहुतेक मच्छीमार. पहाटे जाळ्यातली चिलापी काढायची, मग पाहुण्यांना फिरवायचं. उथळात आले की इंजिन बंद करून बांबूने नाव रेटतात आणि ‘दादा, उभं राहू नका’ एवढंच बजावतात. उभं राहणाऱ्यांचा मला राग येतो. त्याहून जास्त ‘जरा उडवा ना, फोटो हवाय’ म्हणणाऱ्यांचा. निघायच्या दिवसांत पक्षी प्रवासापुरती चरबी साठवत असतात. विनाकारण उडवलेला थवा तीच चरबी जाळतो.

प्रवास केवढा, ते पट्टकदंबांवरून कळतं. भिगवणला त्यांना सरसकट राजहंस म्हणतात. पांढऱ्या डोक्याच्या मागे दोन काळे आडवे पट्टे, ही खूण. हे हंस हरभऱ्यात उतरतात, त्यामुळे शेतकऱ्यांचं त्यांच्याविषयी मत फारसं बरं नाही. मार्चमध्ये ते निघतात ते तिबेटच्या पठाराकडे, मंगोलियाकडे, हिमालय ओलांडून. पाठीवर यंत्र बसवलेल्या पट्टकदंबांची 7,290 मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. सतत एवढ्या उंचीवरून ते जात नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की उतरतात. त्यातही रात्रीची, पहाटेची थंड हवा जास्त पसंत करतात, कारण ती दाट असते. त्यांचं रक्तही विरळ हवेतला प्राणवायू पटकन धरणारं.

जे अजून निघालेले नाहीत त्यांनी कपडे बदललेले असतात. जानेवारीत ज्या कुरवाच्या कानाशी फक्त एक ठिपका होता, त्याचं अख्खं डोकं आता चॉकलेटी. पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढलेला. हिवाळ्यातल्या फोटोंवर पक्षी ओळखायला शिकलेल्यांची इथे चांगलीच पंचाईत होते. भोरड्या मात्र ओळखाव्या लागत नाहीत. ज्वारीच्या हंगामात शेतकऱ्याला गोफण घ्यायला लावणाऱ्या या गुलाबी-काळ्या मैना फाल्गुनात पळस-पांगाऱ्यावर मध खाताना भेटतात आणि संध्याकाळी हजारोंनी घिरट्या घालत मुक्कामाला उतरतात. त्यांची वीण मध्य आशियात, टोळांच्या हंगामात. एप्रिल सरेपर्यंत त्याही गेलेल्या असतात.

याच सुमारास भिगवणजवळच्या भादलवाडीच्या तलावात, बाभळींवर चित्रबलाकांची घरटी भरलेली असतात. तिथे आवर्जून जावं, पण काठावरूनच पाहावं. जलाशयाच्या उघड्या बेटांवर पाय टाकतानाही जपावं लागतं. नदी सुरय आणि आर्ली घरटं बांधत नाहीत, उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्या रंगात अशी मिसळतात की पायाखाली आली तरी कळत नाहीत. गुरं आणि भटकी कुत्री तर बघतच नाहीत.

या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांच्या हातात वेळ असतो तो पावसाळ्यापर्यंत. वर पुणे जिल्ह्यातली धरणं भरायला लागली की दौंडचा विसर्ग किती, एवढाच प्रश्न उजनीकाठी सगळे एकमेकांना विचारतात. आकडा वाढला की गाळपेर, बेटं आणि रोहितांची गोल कडी पाण्याखाली जातात आणि शेतकरी मोटारी उचलून पुन्हा वर आणतो.