वरणगावची गोळी आणि पुण्याची गोळी

जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत लष्कराच्या रायफलींसाठी काडतुसे तयार होतात, आणि त्यांपैकी ५.५६ मिलिमीटर मापाच्या काडतुसातून सुटणारी गोळी पदार्थविज्ञानाच्या नियमांनी पुरती जखडलेली असते. तिचे वजन सुमारे ४ ग्रॅम असते, नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर असतो, आणि हवेच्या विरोधामुळे तो सतत घटत असल्याने ३०० मीटरवरचे लक्ष्य गाठायला तिला जवळजवळ ०.४ सेकंद लागतो. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे पाऊण मीटर खाली ओढते. म्हणून रायफलीचे निशाण मुळातच असे बसवलेले असते, की नेम सरळ दिसला तरी नळी किंचित वर रोखलेली असावी.

मोबाइलच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळातील गोळीला यांपैकी काहीच लागू नसते, कारण पुष्कळदा ती गोळीच नसते. खेळाडूने गोळीबाराचे बटण दाबले की संगणकीय जगात बंदुकीच्या टोकापासून एक काल्पनिक सरळ रेषा काढली जाते, ती पहिल्यांदा कोणत्या वस्तूला छेदते हे भूमितीच्या समीकरणाने ठरवले जाते, आणि ती वस्तू प्रतिस्पर्ध्याचे शरीर असेल तर त्याच्या खात्यातून ठरावीक गुण वजा होतात. या पद्धतीला हिटस्कॅन म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत गोळी एक स्वतंत्र वस्तू मानून सेकंदात अनेक वेळा तिचे स्थान पुढे सरकवले जाते, प्रत्येक टप्प्यावर ती थोडी खाली आणली जाते आणि टक्कर झाली का हे तपासले जाते. ही पद्धत वरणगावच्या गोळीच्या जवळ जाणारी आहे, पण शंभर खेळाडू एकाच वेळी गोळीबार करू लागले की तिचा हिशेब महाग पडतो. पहिल्या पद्धतीत मात्र गोळी अनंत वेगाने जाते, आणि खेळाडूंपैकी बहुतेकांच्या ते ध्यानातही येत नाही.

लष्कर आणि असे खेळ यांचे नाते जुने आहे. अटारी कंपनीचा १९८० सालचा बॅटलझोन हा रणगाड्यांचा खेळ अमेरिकी लष्कराला इतका उपयुक्त वाटला की चिलखती वाहनातील तोफचींच्या सरावासाठी त्याची वेगळी आवृत्ती करवून घेण्यात आली, आणि १९९६ मध्ये अमेरिकी मरीन दलाने डूम या गाजलेल्या खेळात फेरफार करून तो आपल्या जवानांना खेळायला दिला. चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने २००१ मध्ये ऑपरेशन फ्लॅशपॉइंट काढला, आणि त्याच्याच तंत्रावर उभारलेली प्रशिक्षणप्रणाली पुढे अनेक देशांच्या सैन्यांनी स्वीकारली; २००२ मध्ये अमेरिकी लष्कराने तरुणांना भरतीकडे वळवण्यासाठी स्वतःचाच एक खेळ फुकट वाटला, आणि २००३ मध्ये इन्फिनिटी वॉर्ड या स्टुडिओच्या कॉल ऑफ ड्यूटीने या प्रकाराला प्रचंड बाजारपेठ मिळवून दिली.

महाराष्ट्रात या प्रकाराचा आरंभ मुंबईत झाला. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या इंडियागेम्स या कंपनीच्या सुरुवातीच्या कामांपैकी योद्धा हा भारतीय सैनिकाला नायक करणारा संगणकीय नेमबाजीचा खेळ होता, आणि देशात बनलेल्या अशा पहिल्या काही खेळांत त्याची गणना होते. परंतु त्या काळी घरात संगणक असणे हीच चैन होती, धुळे-जळगावसारख्या शहरांतील बहुतेक मुलांना तो भेटे तो सायबर कॅफेत, तासाच्या भाड्याने, आणि तेथे चालणारे खेळ परदेशी असत व त्यांच्या सीडीही बहुधा चोरीच्या प्रती असत. विकत घेणारा गिऱ्हाईकच नसल्यावर लष्करी खेळांची परंपरा उभी राहणे शक्य नव्हते. इंडियागेम्सने बटणांच्या मोबाइलवरील छोट्या खेळांकडे मोर्चा वळवला, २००७ मध्ये यूटीव्हीने तिचा ताबा घेतला, आणि पुढे यूटीव्हीबरोबर ती डिस्नेच्या छत्राखाली गेली.

हा तुटलेला धागा पुन्हा हाती आला तो स्वस्त इंटरनेटमुळे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरचा डेटा झपाट्याने स्वस्त झाला, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला, आणि विमानातून बेटावर उतरणाऱ्या शंभर खेळाडूंपैकी शेवटी एकच उरेपर्यंत चालणारा बॅटल रॉयल हा प्रकार पारावर, बसस्थानकात आणि वसतिगृहात खेळला जाऊ लागला. गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यांत पब्जीही होता, आणि दोनच दिवसांत अभिनेता अक्षय कुमार याने फौजी या देशी खेळाची घोषणा केली. बेंगळुरूच्या एनकोर गेम्सचा हा खेळ २६ जानेवारी २०२१ रोजी आला. गंमत अशी, की कंपनीच्या संस्थापकांत विशाल गोंडल हेच होते, म्हणजे योद्धाचा सैनिक वीस वर्षांनी संगणकातून फोनमध्ये उतरला.

फौजीच्या पहिल्या आवृत्तीवर खेळाडू नाराज झाले, कारण तिच्यात बंदुकाच नव्हत्या. नायक शत्रूशी हातघाईची लढाई करत पुढे सरकत असे. ही नाराजी समजण्यासारखी असली तरी वस्तुस्थितीला धरून होता तो खेळच, कारण प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर गोळीबार न करण्याचे बंधन दोन्ही सैन्यांनी करारान्वये स्वीकारलेले होते, आणि गलवानमध्ये २० भारतीय जवानांना वीरमरण आले ते बंदुका न झडता. बंदुकांची सांघिक लढत फौजीत काही महिन्यांनी आली, तोवर उत्साह बराच ओसरला होता.

पुण्यात याच सुमारास वेगळ्या वाटेने काम चालले होते. रॉबी जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सुपरगेमिंग या स्टुडिओने मास्कगन हा छोट्या संघांच्या चकमकींचा खेळ महागड्या फोनची वाट न पाहता बेताच्या फोनसाठी बेतला होता, आणि त्यात एक सोय अशी होती की निशाण शत्रूवर स्थिरावले की बंदूक आपोआप झडत असे. जाणकार खेळाडू या सोयीला नाक मुरडतात; तथापि लहान पडद्यावर एका अंगठ्याने चालणे, दुसऱ्याने नेम धरणे आणि तिसऱ्या बोटाने चाप ओढणे ही कसरत नवख्याला जमत नाही हे ओळखून केलेली ती तडजोड होती. जानेवारी २०२२ मध्ये या स्टुडिओने इंडस या बॅटल रॉयलची घोषणा केली आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो प्रत्यक्ष बाजारात आला. सिंधू संस्कृती लयाला न जाता अंतराळयुगापर्यंत वाढत गेली असती तर, या कल्पनेवर त्याचे जग उभे आहे, म्हणजे त्यातले लढवय्ये कोणत्याही देशाच्या गणवेशात नाहीत. आणि त्यात कॉस्मियम नावाचे द्रव्य शेवटपर्यंत ताब्यात ठेवूनही डाव जिंकता येतो, म्हणजे सर्वांना ठार करणे हा एकच मार्ग उरत नाही. फौजीने सैनिक घेतला आणि बंदूक उशिरा दिली, इंडसने बंदूक दिली आणि सैनिक वगळला. देशी स्टुडिओंना लष्करी खेळाचा साचा जसाच्या तसा उचलणे कसे अवघड जाते हे या दोन उदाहरणांतून दिसते.

परंतु पुण्यातील स्टुडिओसमोरचा खरा प्रश्न कथेचा नसून काळाचा असतो. धुळ्यातला एक खेळाडू नेम धरतो तेव्हा त्याच्या पडद्यावर दिसणारा शत्रू तेथे नसतोच. तो काही मिलिसेकंदांपूर्वी जेथे होता ते चित्र त्याला दिसत असते, कारण प्रत्येक फोनवरची हालचाल आधी सर्व्हर या मध्यवर्ती संगणकाकडे जाते आणि तेथून इतरांना कळवली जाते. या जाण्यायेण्याच्या वेळेला खेळाडू पिंग म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे जळगाव ते मुंबई हे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर त्याला २ मिलिसेकंदांत कापता येते, तर सर्व्हर सिंगापूरला असेल तर एका दिशेलाच २० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. एवढ्यावर भागले असते तर तक्रारच नव्हती. खरा वेळ जातो तो टॉवर आणि फोन यांच्यामधल्या बिनतारी टप्प्यात, जेथे एकाच टॉवरवर शेकडो फोन आपापल्या पाळीची वाट पाहतात. संध्याकाळी सगळे गाव एकदम व्हिडिओ पाहू लागले की पिंग १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारी आकृती तेवढ्या वेळात ६० सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे डोक्यावर अचूक धरलेला नेम हवेत जातो, आणि खेळणारा म्हणतो, ‘लॅग मारतोय, गोळी लागलीच नाही.’

यावर दोन उपाय योजले जातात. १९९६ मध्ये क्वेक या खेळाच्या इंटरनेट आवृत्तीत जॉन कारमॅक याने पहिला रूढ केला: खेळाडूचा स्वतःचा संगणक सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबत नाही, त्याची पुढची हालचाल अंदाजाने लगेच दाखवतो आणि उत्तर वेगळे आले तर गुपचूप दुरुस्ती करतो. दुसरा अधिक चमत्कारिक आहे. सर्व्हर सर्व खेळाडूंच्या गेल्या काही क्षणांतील जागांची नोंद जपून ठेवतो, गोळीबाराचा निरोप आला की त्या खेळाडूच्या पिंगइतका काळ मागे नेतो, तेव्हा सगळे कोठे होते ते पाहतो आणि गोळी लागली की नाही याचा निवाडा त्या भूतकाळात करतो. नेम धरणाऱ्याला यात न्याय मिळतो, पण ज्याला गोळी लागते तो एव्हाना आपल्या पडद्यावर भिंतीआड पोहोचलेला असतो, आणि भिंतीमागे असूनही कसे मेलो याचा उलगडा त्याला होत नाही. दोघांनाही आपलेच खरे वाटते, आणि आपापल्या घड्याळाप्रमाणे दोघेही खरे असतात.

खानदेशात या हिशेबात आणखी एक राशी येते, ती उन्हाची. फोनला पंखा नसतो; आतल्या प्रोसेसरची उष्णता पाठीच्या पत्र्यातून हवेत जाते, आणि उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहत असल्याने हे तेव्हाच घडते जेव्हा फोन भोवतालच्या हवेपेक्षा अधिक तापलेला असतो. हाताला चटका बसू नये म्हणून फोनचा पृष्ठभाग साधारण चाळिशीच्या वर फार जाऊ दिला जात नाही, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांवर पोहोचतो तेव्हा हवा आणि फोन यांच्यात तफावतच उरत नाही. अशा वेळी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, पडद्याचा उजेड मंदावतो, आणि सेकंदाला ६० चित्रे काढणारा फोन ३० वर येतो, म्हणजे पुण्यातील वातानुकूलित खोलीत तपासलेला खेळ यावल-रावेरच्या दुपारी वेगळाच चालतो.

यासाठी खेळात चित्रांचा दर्जा कमीजास्त करण्याची सोय ठेवलेली असते, आणि त्यात काय गाळायचे याचा क्रम ठरवणे हे स्टुडिओच्या कारागिरीतले नाजूक काम असते: आधी सावल्या जातात, मग पाण्यातली प्रतिबिंबे, मग दूरचे गवत. गवत गाळण्यात मोठी मेख आहे. महागड्या फोनवर खेळणारा उंच गवतात पालथा पडून आपण लपलो असे समजतो, आणि तापलेल्या स्वस्त फोनवर खेळणाऱ्याला मात्र ते गवत चितारलेच गेले नसल्याने तो उघड्या माळावर आडवा झालेला स्पष्ट दिसतो.