बेटांवरील बागांत आलेली परकी बंबलमाशी

लाल क्लोव्हर हे आपल्या बरसीमच्या कुळातील चाऱ्याचे पीक होय. इंग्रज वसाहतकारांनी ते न्यूझीलंडमध्ये नेले. चारा उत्तम येई, परंतु बी नीट धरत नसे. या फुलाची नळी सुमारे ९ ते १० मिलिमीटर खोल असते व साध्या मधमाशीची सोंड तिच्या तळाशी पोहोचत नाही. लांब सोंडेची, केसाळ बंबलमाशी हे काम करते. पण ती त्या बेटांवर मुळीच नव्हती. म्हणून १८८५ साली तिच्या निद्रिस्त राण्या इंग्लंडहून जहाजाच्या शीतकोठीतून आणून कँटरबरी प्रांतात सोडण्यात आल्या. चार जाती स्थिरावल्या आणि बी धरू लागले.

मात्र त्यांपैकी सर्वांत अधिक फैलावलेली जात आखूड सोंडेची निघाली. ती पुष्कळदा नळीच्या बुडाशी भोक पाडून मधुरस चोरते व परागीकरण न करताच निघून जाते. राखणदारानेच कोठार फोडावे, तसा हा प्रकार!

हीच जात १९९२ साली टास्मानिया बेटावर होबार्ट शहरात आढळली. न्यूझीलंडहून आलेल्या अगदी थोड्या, कदाचित दोनच, राण्यांपासून ही सारी प्रजा वाढली असावी, असे अभ्यासकांना दिसून आले. घरोघरच्या बागांतील परदेशी फुलझाडांवर तिचे चांगले पोषण झाले आणि काही वर्षांतच ती बहुतेक बेटभर पसरली. देशी माश्यांचा मधुरस ती पळवील आणि परदेशी तणांचे बी वाढवील, ही तेथील मुख्य चिंता आहे. काचगृहांतील टोमॅटोसाठी ही माशी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर आणू द्यावी, ही बागाईतदारांची मागणी सरकारने २००८ साली नाकारली.

मागणी निराधार नव्हती. टोमॅटो व वांग्याचे पराग पुंकेसरांच्या टोकाकडून बाहेर पडतात. त्यासाठी फूल हलावे लागते. उघड्या शेतात वारा पुष्कळ काम करतो, काचगृहात वारा नसतो. बंबलमाशी फुलाला बिलगून गुणगुणते व पराग झाडते.

आपल्याकडे बंबलमाश्या हिमालयाच्या थंड भागात आहेत. महाराष्ट्रात वांग्याच्या फुलावर हेच काम काळा भुंगा व निळ्या पट्ट्यांची देशी माशी करतात. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर करतो. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. बांधावरचे असे एखादे वाळके खोड व न नांगरलेला मातीचा कोपरा राहू द्यावा. फुलोऱ्यात औषध फवारणे अटळच असेल, तर ते सकाळी न फवारता माश्या परतल्यावर सायंकाळी फवारावे.