मृगाआधीची कुजबुज

आमच्याकडे पहिला पाऊस आणि लाईट जाणं ही जोडी इतकी पक्की आहे की तिचं कारण सहसा कुणी विचारत नाही. नांदेड-लातूरचं ऊन मार्चपासून चिनीमातीच्या इन्सुलेटरांना दिवसभर भाजतं. काळ्या रानाची धूळ, वीटभट्ट्यांचा धूर, जिनिंगची रुई, डाळमिलचा भुसा यांचा त्यांवर थर बसतो. मृगाची पहिली सर आली की तापलेल्या इन्सुलेटरवर गार पाणी पडतं, बारीक तडे जातात आणि ओली झालेली धूळ विजेला वाट करून देते. ११ केव्हीचा फिडर ट्रिप होतो. मग वायरमन बॅटरी घेऊन, चिखल तुडवत, खांबामागून खांब बघत सुटतो. यातले कितीतरी खांब आधीपासून आवाज करत असतात. तो आपल्या कानांना पोचत नाही.

गेली बारा-तेरा वर्षं मी या आवाजाच्या मागे आहे.

माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, उतारवयात तेवढंही नाही. उच्चदाबाची वीज हवेत गळते तेव्हा त्याच्या कितीतरी वरपर्यंत आवाज उठतो. तो टिपणारं उपकरण हातात मावतं आणि बहुधा ४०,००० हर्ट्झच्या आसपास लावलेलं असतं. या आवाजाची तरंगलांबी हवेत जेमतेम साडेआठ मिलिमीटर. म्हणून तो दिशा धरून जातो, आणि उपकरण हळूहळू फिरवलं की कुठून येतोय ते सापडतं. शेजारून ट्रक जाऊ दे, ट्रान्सफॉर्मर घुमू दे, त्यांच्या जाड आवाजांचा इथे फारसा अडथळा होत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. वटवाघळं अंधारात कानांच्या भरवशावर उडतात हे स्पालांझानी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९०च्या दशकात ताडलं होतं. दाबल्यावर वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंना १८८०मध्ये सापडले. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच गुणावर पाणबुड्या शोधण्याचं तंत्र उभं केलं. तिथून कारखान्यातल्या हवेच्या गळत्या आणि मग विजेची पॅनलं.

मला यात सगळ्यात जास्त वेड लावलं ते आतल्या रेडिओने. हो, रेडिओच. ऐकू न येणारा आवाज ऐकू कसा येतो? उपकरण स्वतः ३८,००० हर्ट्झचं एक कंपन तयार करतं आणि बाहेरून आलेल्या ४०,०००मध्ये मिसळतं. दोघांतला फरक २,००० हर्ट्झ उरतो, आणि तो कुणालाही ऐकू येतो. आमच्या घरचा जुना ट्रान्झिस्टर हेच करायचा. परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर. तिथे काटा आणला की संच आत १७६० किलोहर्ट्झचं कंपन करायचा आणि फरकाच्या ४५५वर पुढचं काम चालायचं. वडील शेतीचा कार्यक्रम ऐकत तेव्हा त्या डब्यात ही वजाबाकी चालू असे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या गावचे एक जुने लाईनमन तर असाच ट्रान्झिस्टर सायकलला अडकवून लाईनीखालून जायचे. ज्या खांबाखाली खरखर वाढेल तिथे थांबायचे. हातात होतं त्यातून त्यांनी केलेला तो शोध होता आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

हेडफोनमध्ये तीन आवाज ओळखायला शिकायचे. पहिला कोरोनाचा. या शब्दाने अजून धस्स होतं, पण मूळ अर्थ मुकुट. तारेच्या टोकाशी किंवा बोथट न केलेल्या कडेशी हवा विजेच्या ताणाने फुटते आणि अंधारात जांभळट प्रभा दिसते. आवाज एकसारखा, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, पण न थांबणारा. त्यात एक गुणगुण असते, कारण आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि प्रत्येकात ताण दोनदा शिगेला पोचतो. दुसरा ट्रॅकिंगचा. इन्सुलेटरच्या पृष्ठावरून वीज वाट शोधते, आवाज चढत जातो, एकदम तुटतो, पुन्हा चढतो. तिसरा ठिणगीचा, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड, बेभरवशाचा. तो ऐकला की मागे व्हायचं आणि शटडाऊन मागायचा.

लातूरला एका डाळमिलमध्ये मी दुसरा आवाज पहिल्यांदा ऐकला. ११ केव्हीच्या चालू पॅनलचं दार बंद होतं आणि बंदच राहू दिलं, हा या पद्धतीचा मोठा गुण. असा आवाज पत्र्यातून फारसा येत नाही, पण दाराच्या फटीतून, जाळीतून, सैल गास्केटमधून निसटतो. फटीवरून उपकरण वरून खाली नेलं, कमरेच्या उंचीला आवाज चढला. रविवारी शटडाऊन घेऊन दार उघडलं तर आधी ओझोनचा तिखट वास आला. बसबारच्या आधाराच्या इन्सुलेटरवर तुरीच्या भुशाचा पिवळट थर, आणि त्यातून केसाएवढी काळी रेघ, पुढे फाटे फुटलेली, झाडाच्या मुळांसारखी. कडेला पांढरी भुकटी. हवेतल्या नायट्रोजनपासून ओलाव्यात नायट्रिक आम्ल तयार होतं आणि तांब्याला, इन्सुलेटरला खात बसतं, त्याची ही खूण. ती रेघ जमिनीकडच्या टोकापासून बोटभर दूर होती.

उष्णतेचा कॅमेरा हवाच, त्याबद्दल वाद नाही. सैल जंपर, तापलेला लग तोच दाखवतो, आणि नुसत्या तापलेल्या जोडाचा या उपकरणात आवाजही येत नाही. पण कोरोनात जवळजवळ उष्णताच नसते. म्हणून फक्त कॅमेरा फिरवून सगळं ठीक असल्याचा अहवाल देणं मला पटत नाही. मान्सूनपूर्व देखभालीत फांद्या छाटतात, अर्थिंग बघतात. त्याच महिन्यात प्रत्येक सबस्टेशनवर एक संध्याकाळ ऐकण्यासाठी ठेवावी असं मी भेटेल त्या इंजिनिअरला सांगतो. संध्याकाळच का, तर हवेत ओल आली की हे आवाज मोठे होतात.

नांदेडजवळ, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावरच्या एका सबस्टेशनवर अशीच एक संध्याकाळ होती. उपकरणाला ताटासारखी खोलगट तबकडी लावलेली, कारण हवा हा आवाज पटकन गिळते आणि खांबाच्या टोकाचं ऐकायला तो गोळा करावा लागतो. हेडफोन एका तरुण वायरमनच्या कानाला होता. अचानक टकटक सुरू झाली, बाहेर मलाही ऐकू येईल इतकी. मी म्हटलं ठिणगी. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, ह्ये लाईनीचं नाही. आवाज हलायलाय." खरंच हलत होता. टकटक एकदम घाईला आली, तिची फर्र झाली आणि थांबली. वर पाहिलं तर दिव्याभोवती छोटी वटवाघळं किडे टिपत होती. पिंपळावर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ जात असा आवाज करत नाही. या लहानग्यांची हाक मात्र ४०,०००च्या आसपासच असते, आणि किडा टप्प्यात आला की ती अशी घाई करतात. त्यात ती पन्नास आवर्तनांची गुणगुण नव्हती. ती नसणं त्या पोराने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

मग त्याने तबकडी पुन्हा खांबांकडे वळवली. चौथ्या खांबावर, मधल्या पिनला, आवाज चढला, तुटला, पुन्हा चढला. त्याने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला, खिशातून खडू काढला आणि खांबावर फुली मारली. मृग लागायला नऊ दिवस होते.