दहाव्याच्या कपाळावरची जखम

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमपत्रिकेत कार्यकर्त्यांची नावे छापून आली. माझे राहून गेले. मांडव बांधायला चार दिवस मी राबलो होतो. पत्रिका हातात पडली, यादीवरून नजर दोनदा खाली-वर फिरली आणि छातीत चरचरले. त्या दिवसांत आत्मविचारावर वाचन चालू होते, म्हणून स्वतःलाच विचारले : हे लागले कोणाला? हातापायांना तर काही झालेले नाही. मग ‘मला’ लागले, तो मी कोणता? छापायची राहिलेली अक्षरे म्हणजे मी?

राग लगेच ओसरला नाही. पण ज्याच्या नावावर तो उभा होता, तो हा ‘मी’ शोधायला गेलो तर हाती लागेना. एवढे मात्र लख्ख दिसले.

अद्वैत वेदान्तातली मुक्ती या दिशेला आहे. नवे काही मिळवायचे नाही. ‘मी म्हणजे एवढाच’ ही चुकीची समजूत गळून पडायची आहे. पण या विषयाभोवती समज-गैरसमज इतके, की बरेच जण उंबऱ्यावरूनच परत फिरतात.

गैरसमज १ : ‘मी कोण?’ हा जप आहे आणि ‘मी ब्रह्म आहे’ हे त्याचे उत्तर.

वस्तुस्थिती : हा प्रश्न आज ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते रमण महर्षी १८९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, मदुराईहून तिरुवण्णामलैला आले. १९०२च्या सुमारास महसूल खात्यात नोकरीला असलेले शिवप्रकाशम पिळ्ळै त्यांच्याकडे प्रश्न घेऊन आले. महर्षी तेव्हा बोलत नसत. उत्तरे लिहून देत. त्याच उत्तरांतून ‘नान यार?’ म्हणजे ‘मी कोण?’ ही छोटी पुस्तिका तयार झाली.

तिच्यात प्रश्न घोकायला सांगितलेला नाही. विचार उठला की तो कोणाला उठला हे पाहायचे. ‘मला’ असे आले की हा ‘मी’ कुठून उगवतो तिकडे लक्ष वळवायचे. ‘मी ब्रह्म’ हे पाठ केलेले उत्तर हासुद्धा एक विचारच. तो कोणाला आला, हा प्रश्न उरतोच. चिता ढोसणारी काठी शेवटी चितेतच जळते, तसा हा प्रश्नही अखेर उरत नाही, असा दृष्टान्त महर्षींनी दिला आहे.

गैरसमज २ : विचार थांबले, मन कोरे झाले की मुक्ती.

वस्तुस्थिती : मग गाढ झोपेत आपण रोजच मुक्त होतो म्हणायचे. महर्षी एका योग्याची गोष्ट सांगत. त्याने शिष्याला गंगेचे पाणी आणायला पाठवले आणि स्वतः समाधीत गेला. पुष्कळ काळाने जागा झाला, तेव्हा पहिला शब्द निघाला तो ‘पाणी!’ मन दबले होते. तहान जागच्या जागी होती. मन तात्पुरते विरणे हा मनोलय. मनाचे मूळ असलेला ‘मी’ तपासला जाऊन उखडणे वेगळे. झोपेचा उपयोग आहे, पण तो दुसऱ्या कारणाने. सकाळी आपण म्हणतो, ‘गाढ झोपलो होतो, काही कळले नाही.’ नाव, नोकरी, मानापमान यांतले काहीच तेव्हा नव्हते. तरी ‘मी नव्हतो’ असे कोणी म्हणत नाही. वेदान्ताचा तपास इथून पुढे सरकतो.

गैरसमज ३ : अद्वैत म्हणजे जग खोटे, काहीच खरे नाही.

वस्तुस्थिती : शब्द ‘मिथ्या’ आहे, ‘असत्’ नाही. असत् म्हणजे सशाचे शिंग, जे कधी दिसतही नाही. मिथ्या म्हणजे जे दिसते, वापरात येते, पण स्वतःच्या बळावर उभे नसते. माठातली माती काढून घ्या, माठ उरत नाही. म्हणून त्यात पाणी गार होत नाही असे नाही. बाहेरच्या वस्तू नाहीतच, सारे काही मनातलेच, असे मानणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांचे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात खंडन केले आहे आणि जागेपण स्वप्नासारखे नाही असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा वीजबिल भरायचेच.

गैरसमज ४ : घरदार सोडल्याशिवाय हे होत नाही.

वस्तुस्थिती : शंकराचार्यांच्या परंपरेत संन्यासाला मोठे स्थान आहे, हे खरे. पण मुंबईतल्या खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे मारुती कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज, चार मुलांचे बाप होते. १९३३ साली त्यांना इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज भेटले. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, ही गुरूंची शिकवण त्यांनी मनापासून पाळली. गुरू गेल्यावर १९३७मध्ये त्यांनीही घर सोडले खरे, पण पुढल्याच वर्षी ते परतले आणि पुन्हा दुकानावर बसले. पुढे त्यांच्या घरच्या माळ्यावर देशोदेशीची माणसे दाटीवाटीने बसू लागली. महाराज मराठीत बोलत, कोणीतरी दुभाषा होई. औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगात भाग घेतलेले मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन यांनी ते संवाद इंग्रजीत आणले; १९७३मध्ये ‘आय ॲम दॅट’ प्रसिद्ध झाले. रमण महर्षीही संसारी माणसांना घर सोडायचा सल्ला देत नसत. ‘मी संसारी’ जाऊन ‘मी संन्यासी’ आला, तर ‘मी’ने कपडे तेवढे बदलले.

गैरसमज ५ : ज्ञानमार्ग कोरडा, त्यात भक्तीला जागा नाही.

वस्तुस्थिती : हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. ‘अमृतानुभव’ आणि ‘हरिपाठ’ आपण एकाच ज्ञानेश्वरांच्या नावाने वाचतो. महर्षींनी अरुणाचलावर १०८ कडव्यांचे आर्त स्तोत्र रचले. त्यांचे शिष्य ते गात गावात भिक्षेला जात. निसर्गदत्त महाराजांकडे रोज भजने होत. ‘मी’चा शोध घ्या, नाही तर तो ‘मी’ देवाच्या पायी वाहून टाका, असे दोन मार्ग महर्षी सांगत. दोन्हीकडे हिशेब एकाच गृहस्थाचा चुकता होतो.

गैरसमज ६ : ‘मीच ब्रह्म’ कळले की पाप-पुण्य संपले, वाटेल ते करायला मोकळे.

वस्तुस्थिती : शंकराचार्यांनी या विचाराच्या दारातच चार अटी ठेवल्या आहेत : नित्य काय, अनित्य काय याचा विवेक, वैराग्य, शम-दमादी सहा गुण, आणि मोक्षाची तळमळ. ‘वाटेल ते करीन’ म्हणणारा जो आहे, चौकशी त्याचीच चालली आहे. त्यालाच मोकळे सोडायचे, तर चौकशी कसली?

गैरसमज ७ : आत्मज्ञान झाले की दुखणे-खुपणे संपले.

वस्तुस्थिती : महर्षींच्या डाव्या हाताला कर्करोगाची गाठ झाली. शस्त्रक्रिया होऊनही ती पुन्हा पुन्हा वाढली आणि १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. निसर्गदत्त महाराज १९८१मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. कुंभाराने हात काढला तरी चाक काही वेळ फिरतेच. ज्ञान्याच्या प्रारब्धासाठी शंकराचार्यांनी हाच दाखला दिला आहे. म्हणून दुखण्याला डॉक्टर लागतो, मनाच्या आजारालाही. ‘मी कोण?’ हे औषध बंद करण्याचे निमित्त होऊ नये.

विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त दहा जणांची जुनी गोष्ट येते. नदी ओलांडून गेल्यावर प्रत्येक जण मोजतो आणि नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटसरू म्हणतो, ‘दहावा तूच.’ रडे थांबते. नदीत कोणी उडी मारायची नसते, कोणाला बाहेर काढायचे नसते. हरवलेले कोणी नव्हतेच.

गोष्ट आपण बहुधा इथेच संपवतो. विद्यारण्य आणखी एक तपशील देतात. शोक करताना त्या माणसाने डोके बडवून घेतले होते, त्याची जखम झाली होती. दहावा सापडल्याने ती त्याच क्षणी भरत नाही, महिनाभराने हळूहळू भरते. दुखते तेवढे दिवस दुखते. पण आता त्याला रडायला कारण उरलेले नसते.