घोड्या-गाढवांचं रेत कसं टिकवतात?

मैत्रिणींनो, गाय माजावर आली की डॉक्टर कांडी घेऊन येतात, हे आपल्याला नवं नाही. घोड्या-गाढवांचंही रेत असंच टिकवता येतं. हरियाणात हिसारला घोडे-गाढवांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथं हे काम चालतं.

रेत आधी गाळून त्यातला चिकट भाग काढतात. लगेच वापरायचं असेल तर दूध पावडर आणि ग्लुकोजच्या द्रावणात मिसळून ५ अंशांवर ठेवतात. ते एक-दोन दिवस चालतं. वर्षानुवर्षं ठेवायचं तर अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल घालून कांड्या भरतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात.

पण गाईसारखं एका कांडीत भागत नाही, घोडीला एका वेळी बऱ्याच लागतात. शिवाय गोठवलेलं रेत तिच्या पोटात जेमतेम अर्धा दिवस टिकतं, आणि माज तर पाच-सात दिवसांचा! बीज सुटतं शेवटी-शेवटी. म्हणून डॉक्टर सोनोग्राफी करून वेळ ठरवतात.

गाढवाचं आणखी वेगळंच. त्याच्या गोठवलेल्या रेतानं घोडीला खेचर होतं, पण गाढवीण मात्र फार कमी वेळा गाभण राहते. ग्लिसरॉल तिला मानवत नाही, असं दिसतं. इकडं २०१२ ला देशात तीन लाखांवर गाढवं होती, २०१९ च्या गणनेत सव्वा लाखाच्या आसपास उरली. तेव्हा वीटभट्टीवर गाढवं वापरणाऱ्या तायांनो, वस्तीत एखादा तरी धडधाकट नर राखा. लावण्याआधी ग्लँडर्ससाठी दोघांचं रक्त तपासून घ्या. हा रोग माणसालाही होतो.