युरोव्हिजनमध्ये ऑस्ट्रेलिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

युरोव्हिजन या गीतस्पर्धेच्या यादीत ऑस्ट्रेलियाचं नाव दिसलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो : युरोपच्या स्पर्धेत या देशाचं काय काम? हा आक्षेप नकाशाकडे पाहून घेतला जातो, पण स्पर्धेचा पाया नकाशावर नाही. ती युरोपीय महासंघाची नाही. महासंघात कधीच नसलेल्या स्वित्झर्लंडमध्ये, लुगानो शहरात १९५६ साली पहिली स्पर्धा झाली. ती भरवते ‘युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन’, म्हणजे १९५० साली स्थापन झालेली प्रसारण संस्थांची संघटना. देशाच्या नावाने गाणं सादर होतं, पण ते पाठवते त्या देशातली प्रसारण संस्था, सरकार नव्हे. म्हणूनच इस्राएल १९७३ पासून या स्पर्धेत उतरत आला आणि १९८० मध्ये मोरोक्कोही उतरला. गायकालाही नागरिकत्वाची अट नाही. कॅनडाच्या सेलीन डिऑननं १९८८ मध्ये स्वित्झर्लंडला विजय मिळवून दिला, तर आयर्लंडसाठी १९८० आणि १९८७ अशी दोनदा स्पर्धा जिंकणारा जॉनी लोगन जन्माने ऑस्ट्रेलियातलाच.

तरीही ऑस्ट्रेलिया मागच्या दाराने आत आला, असं म्हटलं जातं. तो या संघटनेच्या प्रसारण क्षेत्रात येत नाही, हे खरं आहे. तिथली एसबीएस ही संस्था सहयोगी सदस्य आहे आणि देशाचा सहभाग निमंत्रणावर अवलंबून असतो. पण हे निमंत्रण अचानक आलेलं नाही. स्थलांतरितांच्या अनेक भाषांसाठी उभी राहिलेली एसबीएस १९८३ पासून ही स्पर्धा दाखवत आली आणि युरोपातून येऊन तिथे स्थिरावलेल्या कुटुंबांमुळे तिला हक्काचा प्रेक्षक मिळाला. २०१४ मध्ये कोपनहेगनला जेसिका मॉबॉय पाहुणी कलाकार म्हणून गायली. पुढच्या वर्षी, साठाव्या स्पर्धेच्या निमित्ताने, गाय सेबास्टियनला थेट अंतिम फेरीत स्थान मिळालं आणि तो पाचवा आला. ती सवलत त्या एकाच वर्षापुरती होती. २०१६ पासून ऑस्ट्रेलियालाही उपांत्य फेरी पार करावी लागते, आणि २०२१, २०२४ व २०२५ मध्ये तो तिथेच बाद झाला. त्यामुळे तो युरोपातल्या छोट्या देशाची जागा अडवतो, ही तक्रारही टिकत नाही : अंतिम फेरीतली जागा त्याला मतांनीच मिळवावी लागते.

तिसरा समज सर्वांत घट्ट आहे : इथे शेजारी शेजाऱ्याला गुण देतो, गाण्याला कोण विचारतो? यात तथ्याचा अंश आहे. ग्रीस आणि सायप्रस यांची एकमेकांवरची मेहेरनजर प्रसिद्धच आहे. म्हणून तर ऑस्ट्रेलियाचे आकडे बोलके ठरतात, कारण त्याला स्पर्धेत शेजारीच नाही. २०१६ मध्ये स्टॉकहोमला डामी इमनं ५११ गुण मिळवून दुसरा क्रमांक पटकावला; युक्रेनची जमाला ५३४ गुणांनी जिंकली. जाणकार परीक्षकांच्या गुणांत डामी पहिली होती, प्रेक्षकांच्या गुणांत चौथी. यावर कोणी म्हणेल, परीक्षक ऑस्ट्रेलियाला सांभाळून घेतात, लोक नाही; २०१७ मध्ये आयझायाला परीक्षकांचे १७१ गुण मिळाले आणि प्रेक्षकांचे अवघे दोन. आकडा खरा आहे, पण त्यातून वेगळाच निष्कर्ष निघतो. पाठीशी हक्काची मतं नसली की साधारण वाटलेलं गाणं प्रेक्षक सरळ सोडून देतात. पण २०१९ मध्ये उंच लवचिक खांबावर झुलत गाणाऱ्या केट मिलर-हाइडकीला त्याच प्रेक्षकांनी १३१ गुण दिले. देश तोच, अंतर तेच. बदललं ते सादरीकरण. शेजार गुणांना हातभार लावतो, पण यशाचं सगळं गणित त्यावर चालत नाही.

ऑस्ट्रेलिया जिंकला तर सगळी स्पर्धा सिडनीला हलेल, ही भीतीही अनाठायी आहे. तशी वेळ आल्यास एसबीएसनं युरोपातल्या एखाद्या संस्थेसोबत युरोपातच यजमानपद सांभाळायचं, असं आधीच ठरलेलं आहे. प्रसारणातून जोडलेल्या या स्पर्धेत तीन दशकं निष्ठेनं ती दाखवणाऱ्या देशाला गाण्याची संधी मिळणं, हे तिच्या मूळ हेतूशी सुसंगतच आहे. त्याच्या गाण्यावर टीका जरूर व्हावी, पण ती गाणं ऐकून. अंतर मोजून नव्हे.