दोन वर्षांचे मूल आणि दोन दिवसांची रत्नागिरी

नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी चालवलेल्या प्रदीर्घ लढ्याला १० जून १८९० रोजी यश आले आणि मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. त्या कामगारांमध्ये तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या फार मोठी होती (१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हा जिल्हा थेट गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता), तथापि एका रविवारात गाव गाठणे त्यांपैकी कोणालाही शक्य नव्हते. बोटीने बंदर गाठायचे, पुष्कळ ठिकाणी भर पाण्यातच बोटीतून पडावात उतरायचे आणि पुढची वाट पायी तुडवायची, असा तो प्रवास असल्यामुळे चाकरमान्याची घरची भेट शिमगा, गणपती आणि मे महिना यांवरच येऊन ठेपत असे. त्याचे दोन वर्षांचे मूल गावातच आई-आजीजवळ वाढत असे आणि वडिलांना ओळखण्यातच त्याचे पहिले एक-दोन दिवस जात.

आज दिशा उलटली आहे. मूल मुंबई, पुणे किंवा कोल्हापुरात वाढते आणि सुट्टीपुरते रत्नागिरीत येते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, खाजगी क्षेत्रातील अनेकांना शनिवार-रविवार त्याआधीच मोकळा मिळत होता. त्यामुळे जोडून सुट्टी आली की आई, वडील, बहुधा आजी-आजोबा आणि कडेवरचे मूल असे कुटुंब रत्नागिरीकडे निघते. हे कुटुंब आपल्यासोबत एक यादीही आणते. थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे आणि जमल्यास मालगुंडचे केशवसुत स्मारक, ही सगळी ठिकाणे दोन दिवसांत उरकणे प्रौढांना कष्टाने जमतेही. दोन वर्षांच्या मुलाच्या दिवसात मात्र ती मावत नाहीत, आणि सहल बिघडते ती बहुधा येथेच.

या वयाच्या मुलाचा दिवस कसा असतो, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे उपयोगी पडतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास निद्रा हवी, दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी आणि बाबागाडीत किंवा तत्सम आसनात त्याला एका वेळी एका तासाहून अधिक काळ जखडून ठेवू नये, असे त्यांत म्हटले आहे. या तीन अटी एकत्र वाचल्या की यादीचे गणित आपोआप उलगडते, कारण दुपारची दोन तासांची झोप, जेवणाच्या वेळा आणि उन्हाचा भर वगळला तर मुलाजवळ सकाळचे अडीच-तीन तास आणि संध्याकाळचे दोन तास उरतात. त्यांत सकाळी एक ठिकाण आणि संध्याकाळी एक, एवढेच बसते. झोप चुकलेले मूल अधिक थकून लवकर झोपेल हा समज अनुभवाला उतरत नाही. अतिश्रमाने ते अधिकच किरकिरे आणि चळवळे होते व रात्री वारंवार उठते. ‘हट्टी झाला आहे’ असे ज्याच्याविषयी भर बाजारात म्हटले जाते, ते मूल पुष्कळदा केवळ झोपेला आलेले असते.

प्रवासाची निवडही याच हिशोबाने व्हावी. मुंबई ते रत्नागिरी हे रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटरचे अंतर आहे, आणि महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्यामुळे त्यास किती तास लागतील हे निघण्यापूर्वी सांगणे कठीण असते. रेल्वेत मुलाला उठता-चालता येते, खिडकीतून बोगदे आणि पूल मोजता येतात. जून २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-मडगाव वंदे भारत आणि तिच्या आधीपासून धावणारी जनशताब्दी या दोन्ही गाड्या रत्नागिरीस थांबतात, आणि पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसन घेतले नाही तर तिकीट लागत नाही. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना मात्र आंबा घाटाची वळणे चुकत नाहीत. गाडी लागणे, म्हणजे अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल नोंदवत असताना डोळे स्थिर वस्तूवर खिळल्याने होणारी मळमळ, दोन वर्षांखालील मुलांत क्वचित आढळते आणि त्यानंतर वाढत जाते. म्हणून अडीच-तीन वर्षांच्या मुलाला घाटात चित्रांचे पुस्तक किंवा मोबाईल देण्याऐवजी बाहेर दूरवर पाहायला लावणे हितावह ठरते. मोटारीत मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची रूढी मात्र सोडलीच पाहिजे, कारण अचानक ब्रेक लागला असता कोणत्याही माणसाच्या हातांची पकड पुरी पडत नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन न लावल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद केली आहे.

रत्नागिरीत पोहोचल्यावर मुलाला खरोखर जे द्यायचे ते म्हणजे ओहोटीचा किनारा. काजळी नदीच्या मुखाजवळचा भाट्ये किनारा शहराला लागूनच आहे, त्यामागे सुरूचे बन आहे, आणि पाणी ओसरल्यावर तेथे ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो, ज्यावर नुकते चालू लागलेले मूल सहज पावले टाकते. कोरड्या वाळूत त्याचा पाय रुततो आणि ते कडेवर घेण्याचा हट्ट धरते. ओहोटी केव्हा, हे काढण्याचा किनाऱ्यावरील जुना आडाखा आजही कामाचा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची अंदाजी वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास समुद्र भरलेला, आणि किनारा उघडा पडतो तो नेमका भर दुपारी. उलट पौर्णिमा किंवा अमावास्येस भरती सव्वाअकराच्या आसपास होत असल्याने संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी सर्वांत दूर गेलेले असते. तेव्हा लहान मुलासह येणाऱ्या कुटुंबाने सुट्टी ठरवताना दिनदर्शिकेतील लाल अंकाबरोबर तिथीही पाहावी, हे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

त्या ओल्या पट्ट्यावर मटाराएवढ्या वाळूच्या शेकडो गोळ्या, एखाद्या छिद्राभोवती किरणांसारख्या पसरलेल्या दिसतात. पाणी ओसरताच छोटा खेकडा बिळातून वर येतो, नांगीने वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे सारतो. माणसाची सावली पडली की क्षणात नाहीसा होतो. प्रौढ माणूस या गोळ्या तुडवत सूर्यास्ताकडे निघून जातो. दोन वर्षांचे मूल तेथे उकिडवे बसते, एक गोळी बोटाने चिरडते, दुसरी चिरडते, बिळात बोट घालते आणि खेकडा पुन्हा येण्याची वाट पाहते. दृष्टीआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे ज्ञान मुलाला जन्मतः नसते, ते पहिल्या दोन वर्षांत हळूहळू पक्के होते, असे बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिले. बिळाशी बसलेले मूल तेच ताडून पाहत असते. तेथून त्याला ‘चला, अजून किल्ला पाहायचा आहे’ म्हणून उचलून नेणे हे त्याचे अध्ययन मध्येच तोडणे होय. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने शंख-शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंनाच शैक्षणिक साधनांचे स्थान दिले, ही गोष्ट किनाऱ्यावर खेळण्यांची पिशवी घेऊन येणाऱ्या पालकांनी आवर्जून ध्यानात घ्यावी.

तथापि समुद्र हा या सहलीतील सर्वांत मोठा धोकाही आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्याने तोल जाऊन ते पालथे पडते आणि वीतभर पाण्यातही बुडू शकते. बुडताना ते ओरडत नाही, कारण तोंड पाण्याखाली असते. म्हणून पाण्याच्या कडेला एका मोठ्या माणसाने मुलापासून हात पोहोचेल इतक्याच अंतरावर राहावे आणि ही जबाबदारी नाव घेऊन एकावर सोपवावी. ‘सगळेच आहेत’ असे म्हणताना कोणाचेच लक्ष नसते. गणपतीपुळ्याचा समुद्र पाण्यात उतरण्यास धोक्याचा आहे, हे तेथील सूचनाफलक सांगतात आणि आजवरच्या दुर्घटनांनी ते पुन्हा पुन्हा सिद्ध केले आहे. पावसाळ्यात, म्हणजे स्वातंत्र्यदिनाची जोडून सुट्टी धरून, कोणत्याच किनाऱ्यावर मुलाला लाटेजवळ नेऊ नये. मांडवीचा किनारा काळ्या वाळूमुळे ‘काळा समुद्र’ म्हणून ओळखला जातो. काळी वाळू उन्हात लवकर तापते, तेव्हा तेथे अनवाणी मूल सूर्य कलल्यावरच सोडावे.

घराच्या आवारातील धोके कमी बोलले जातात, पण ते तितकेच खरे आहेत. कोकणातील घरगुती निवासव्यवस्थेत अंगण, पडवी, झोपाळा असे मुलाला मोकळे करणारे सारे असते, आणि बुटक्या कठड्याची विहीरही असते. उतरताच प्रथम ती पाहून घ्यावी. जांभ्याच्या गडग्यात आणि लाकडांच्या राशीत विंचू राहतात. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर घातक परिणाम करतो, हे महाड परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अभ्यासले आणि प्राझोसिन या औषधाच्या वापराने असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर मुलाला दरदरून घाम येणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट रुग्णालय गाठावे. चप्पल-बूट झटकूनच घालण्याची कोकणी घरांतील सवय पाहुण्यांनीही उचलावी.

आहाराची चिंता मात्र रत्नागिरीत करण्याचे कारण नाही. मऊभात, तूप आणि मेतकूट, तांदळाची पेज, घावन, नाचणीची आंबील हे सर्व मुलाच्या दातांना आणि पोटाला मानवणारे आहे, आणि आधी सांगितले तर घरगुती खानावळीत ते आनंदाने करून मिळते. अख्खे काजू आणि फणसाच्या आठळ्या घशात अडकण्याचा धोका असल्याने या वयात टाळाव्यात. हापूस देताना देठाजवळचा चीक नीट धुऊन, साल काढून फोडी द्याव्यात, अन्यथा ओठांभोवती पुरळ उठते. पोट बिघडलेच तर दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर ओआरएस, म्हणजे क्षार-साखरेचे जलसंजीवनी द्रावण, चमच्याचमच्याने पाजावे आणि ते पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावे.

प्रेक्षणीय स्थळांपैकी एकच निवडायचे झाल्यास झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय मुलाला अधिक भावते. काचेमागचे मासे त्याच्या उंचीवर असतात आणि देवमाशाचा सांगाडा त्याला अचंबित करतो. थिबा राजवाड्याचा इतिहास मोठ्यांसाठी आहे, पण तेथील मोकळे आवार मुलासाठीही आहे. १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा पुढील वर्षी रत्नागिरीत आणला गेला, त्याची धाकटी कन्या १८८७ मध्ये याच गावी जन्मली, आणि राजवाडा मात्र १९१० मध्ये बांधून पूर्ण झाला; म्हणजे त्या राजकन्येचे रांगणे-चालणे या वास्तूत नव्हे, तर त्याआधीच्या बंगल्यात झाले. थिबाचे निधन १९१६ मध्ये येथेच झाले.

परतीचा प्रवास रविवारी दुपारच्या झोपेच्या वेळी सुरू होईल असा आखला, तर मूल निम्मा रस्ता झोपेत काढते आणि सोमवारी पाळणाघरात जाताना तुलनेने ताजे असते. वापरलेली डायपर वाळूत पुरण्याचा किंवा सुरूच्या बनात टाकण्याचा प्रकार किनाऱ्यांवर सर्रास दिसतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती कागदात गुंडाळून वेगळी द्यावी लागतात, तेव्हा त्यांसाठी एक स्वतंत्र पिशवी सामानात घरूनच न्यावी आणि नगरपरिषदेच्या घंटागाडीची वेळ निवासस्थानी पोहोचताच विचारून घ्यावी.